डॉक्टर न होता आरोग्याचं संशोधन: मुंबईत नेमकं काय काय चालतं?

कल्याणच्या एका गृहस्थांनी विचारलंय. मुलगी टीवाय बी.एस्सी.ला, विषय लाइफ सायन्स. मेडिकलची नीट परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा थोडक्यात हुकली. आता म्हणते, ‘मी रिसर्च करणार.’ घरात कुणालाच कळेना की विद्यापीठात संशोधन म्हणजे माणसं दिवसभर करतात काय, डॉक्टर नसताना आरोग्याचं संशोधन करू देतात का, आणि त्यात पोट भरतं का.

पोटाचं शेवटी सांगते. मी सत्तावीस वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली, काही मुलांना पीएचडीच्या दारापर्यंत आणि बहुतेकांना दाराच्या आतही पोचवलं. निवृत्तीनंतर एका एथिक्स कमिटीवर बसते, म्हणजे माणसांवरचं संशोधन योग्य रीतीने होतंय का हे तपासणाऱ्या समितीवर. म्हणजे आधी स्वतः प्रस्ताव लिहायचे, आता दुसऱ्यांच्या प्रस्तावांत खोड्या काढते. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार माहीत आहेत.

पहिली गोष्ट, विभागाच्या पाटीवरून आतलं काम कळत नाही. ‘बायोफिजिक्स’ लिहिलेल्या खोलीत कुणी प्रथिनाच्या घडीवर काम करत असतं आणि ‘सांख्यिकी’ लिहिलेल्या खोलीत कुणी कॅन्सरच्या पेशंटचं आयुर्मान मोजत असतं. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी विषय विचारतच नसे. विचारायचे, ‘पुढची पाच वर्षं रोज सकाळी तुझ्यासमोर काय आलेलं चालेल? पेशी, यंत्र, आकडे, चिखल, की माणूस?’ बरीच मुलं गोंधळायची. एक मुलगी पटकन म्हणाली होती, ‘माणूस नको, माणसं उशिरा येतात.’ ती आज उत्तम क्रिस्टलोग्राफी करते, म्हणजे स्फटिकांवरून रेणूंची रचना शोधते.

दुसरी गोष्ट मुंबईपुरती, पण ती माहीत नसल्यामुळे मुलं भलत्याच दारावर जाऊन उभी राहतात. मुंबई विद्यापीठ 1857 चं. लाइफ सायन्स, बायोटेक्नॉलॉजी, रसायन, भौतिकी हे विभाग कलिन्याच्या विद्यानगरीत आहेत. तिथेच 2007 पासून अणुऊर्जा विभागाबरोबरचं मूलभूत विज्ञानांचं केंद्रही आहे. पण मेडिकल कॉलेजं आता मुंबई विद्यापीठात नाहीत. ती नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, जे 1998 साली स्थापन झालं. माटुंग्याची आपण सगळे अजून ‘यूडीसीटी’च म्हणतो ती रसायन तंत्रज्ञानाची संस्था 2008 पासून स्वतःच विद्यापीठ आहे. देवनारची लोकसंख्या विज्ञानाची संस्था वेगळी, वर्सोव्याची मत्स्यशिक्षणाची वेगळी, पवईची आयआयटी तर वेगळीच. आणि गंमत बघा, परळमधल्या ज्या संशोधन संस्थांना लोक ‘हॉस्पिटलवाल्या’ समजतात, तिथल्या कितीतरी मुलांची पीएचडीची नोंदणी मुंबई विद्यापीठाकडे असते. गाइड परळला, डिग्री कलिन्याची. तेव्हा ‘विद्यापीठात काय चालतं’ याचं उत्तर हार्बर, मध्य आणि पश्चिम अशा तिन्ही मार्गांवर पसरलेलं आहे.

आता डॉक्टर असण्या-नसण्याचं. यासाठी रक्ताची एक गोष्ट सांगते. वर्गात पहिल्या आठवड्यात मी हीच सांगायचे.

1952 साली परळच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विचित्र रक्तगट नोंदवला. तपासलं तर ‘ओ’ वाटावा असा, पण ओ गटाचं रक्त मिसळलं तरी गुठळ्या. आपण शाळेत शिकतो की ओ गट कुणालाही चालतो. या माणसांना तोही चालत नव्हता. जगभर त्याला ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ म्हणतात. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं राहिलं. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा असतो, युरोपात दहा लाखांत एखादा.

हे पेशंटच्या खाटेजवळ सापडलं, म्हणजे डॉक्टरांचं काम झालं. पण असं का होतं, हे खाटेजवळ कळणं शक्यच नव्हतं. रक्तगट म्हणजे लाल पेशींवर चिकटलेल्या साखरेच्या रेणूंचा खेळ, हे लंडनमध्ये वॉटकिन्स आणि मॉर्गन यांनी रसायनशास्त्राच्या वाटेने दाखवलं. ‘एच’ नावाची एक पायरी असते, तिच्यावर एक साखर चढली की ‘ए’, दुसरी चढली की ‘बी’, काहीच चढली नाही तर ‘ओ’. बॉम्बे गटात ती पायरीच नसते. त्यामुळे शरीराला ‘एच’ परका वाटतो आणि ओ गटाच्या पेशींवर तर तोच असतो. पायरी का नाही, तर ती बांधणाऱ्या एन्झाइमचं जनुक बिघडलेलं. हे नव्वदच्या दशकात जनुकशास्त्रज्ञांनी उलगडलं. आणि ब्लड बँकेत हा गट पकडायला जे द्रव्य वापरतात, ते यूलेक्स नावाच्या एका काटेरी युरोपीय झुडपाच्या बियांतून काढलेलं असतं. म्हणजे वनस्पतीशास्त्रही आलं.

प्रॅक्टिकलला मी मुलांना दोन टेस्ट ट्यूब द्यायचे. एकीत पेशी तपासायच्या, दुसरीत सीरम, म्हणजे पेशी वगळून उरणारा रक्ताचा पातळ भाग. पहिलीवर थांबलात तर बॉम्बे गटाचा माणूस ‘ओ’ म्हणून लिहिला जाणार. दुसरी ट्यूब, जिच्यात त्याच्या सीरममध्ये ओ गटाच्या पेशी टाकतात, ती केली तरच तळाशी दाणेदार गुठळी दिसते. हलक्या हाताने ट्यूब तिरकी करायची आणि दिव्यासमोर बघायची; जोरात हलवलीत तर कच्ची गुठळी मोडून जाते आणि रिपोर्ट चुकतो. हे करणारी व्यक्ती शंभरातल्या नव्वद वेळा डॉक्टर नसते, बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. झालेली असते. केईएमच्याच आवारात आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, तिथे असल्या दुर्मिळ रक्तगटांवर अजून काम चालतं.

डॉक्टर आणि वैज्ञानिक यांच्या जोडीचं दुसरं उदाहरण लोकांना जास्त जवळचं वाटतं. 6 ऑगस्ट 1986 ला केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली, तेव्हा ती भारतातली पहिली मानली गेली. पेपरात फोटो डॉ. इंदिरा हिंदुजांचे आले, आणि ते योग्यच होतं. पण बीजांड आणि शुक्राणू काचेच्या बशीत एकत्र ठेवून ते वाढवण्याची बाजू परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेतल्या टी. सी. आनंद कुमार यांची होती, आणि ते प्रसूतितज्ज्ञ नव्हते, जीवशास्त्रज्ञ होते. या माणसाबद्दल मला वेगळाच आदर आहे. पुढे कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींच्या वह्या त्यांच्या हाती आल्या, त्यांनी त्या बारकाईने वाचल्या आणि 1978 साली मुखर्जींनीच हे आधी केलं होतं असं स्वतः लिहून जाहीर केलं. स्वतःच्या नावावरचा ‘पहिला’ स्वतःच पुसणारी माणसं या धंद्यात कमी भेटतात.

सर्पगंधेची कथाही अशीच हात बदलत गेलेली. वैद्य पूर्वापार वापरत होते. केईएमचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये पन्नास उच्च रक्तदाबाच्या पेशंटवरची निरीक्षणं ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापली, आणि जगाचं लक्ष गेलं. तीनच वर्षांत स्वित्झर्लंडमध्ये रसायनतज्ज्ञांनी मुळातून रेसरपीन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. मग लक्षात आलं की काही पेशंट हे औषध घेऊन उदास होतात. त्यातून मेंदूतल्या रसायनांबद्दलचे प्रश्न निघाले. एका मुळीने हृदय, रसायन आणि मेंदू अशा तीन विभागांना काम दिलं. आयुर्वेदावर संशोधन करायचं असेल तर ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ एवढं म्हणून भागत नाही, पन्नास पेशंटचं रोजचं बीपी लिहावं लागतं, हे मी मुद्दाम नमूद करते, कारण दरवर्षी एक तरी प्रस्ताव नुसत्या अभिमानावर आलेला असतो.

आता माणसांमध्ये जाऊन करायचं संशोधन. हे प्रयोगशाळेत बसणाऱ्यांना कमी प्रतीचं वाटतं. मलाही तरुणपणी वाटायचं, खोटं कशाला बोलू.

टाटा हॉस्पिटलने 1998 मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. सुमारे दीड लाख स्त्रिया. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर लवकर पकडायचा, पण पॅप टेस्टसाठी (मुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यासाठी) लागणाऱ्या लॅब आणि तज्ज्ञ एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणायचे कुठून? मग साधा उपाय: पातळ ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरचाच प्रकार, मुखाला लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा पडतो. हे बघायला डॉक्टर नेमले नाहीत, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवडे प्रशिक्षण दिलं. दर दोन वर्षांनी एक फेरी, अशा चार फेऱ्या. निष्कर्ष 2014 मध्ये छापून आला: तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी.

यात विज्ञान कुठे आहे, असं विचारणाऱ्याला मी सांख्यिकीवाल्यांकडे पाठवते. विचार करा, चिठ्ठी टाकून बाया निवडायच्या म्हटलं तर एकाच खोलीत सासूची तपासणी होणार आणि सुनेची नाही. सून विचारणारच, मला का नाही? ती कुठेतरी जाऊन तपासून आली की तुमची तुलनाच बिघडली. म्हणून माणसं न निवडता वस्त्या निवडल्या: दहा वस्त्या इकडे, दहा तिकडे. मग हिशेब अवघड होतो, कारण एका वस्तीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात आणि दीड लाख हा आकडा दिसतो तेवढा मोठा उरत नाही. हे सोडवणारा माणूस आयुष्यात स्पेक्युलम (त्या तपासणीचं उपकरण) बघत नाही, पण त्याच्याशिवाय तो 31 चा आकडा निघत नाही.

या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती मुलीला माहीत असू दे. तुलनेच्या वस्त्यांमधल्या बायकांना आरोग्याची माहिती दिली, तपासणी दिली नाही. तपासणीचा फायदा होतो हे जगात माहीत असताना हे योग्य होतं का? एक बाजू म्हणते, त्या वस्त्यांना तसंही काही मिळत नव्हतं आणि ही स्वस्त पद्धत चालते का हे कुणालाच माहीत नव्हतं. दुसरी म्हणते, ‘तसंही मिळत नव्हतं’ हे कारण पुढे केलं की गरिबांवर काहीही करता येतं. मी कमिटीवर बसायला लागल्यापासून दुसऱ्या बाजूकडे जास्त झुकलेय, पण त्या अभ्यासाने दिलेली पद्धत मोलाची आहे हेही मला नाकारता येत नाही.

कमिटीचा विषय निघालाच आहे तर एक प्रसंग. कायद्याने आमच्या कमिटीत डॉक्टर, वैज्ञानिक, वकील यांच्याबरोबर एक सामान्य माणूस लागतो, विज्ञानाशी संबंध नसलेला. आमच्याकडे महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आहेत. एका औषधाच्या चाचणीचा मराठी संमतीपत्राचा मसुदा आला. त्यात वाक्य होतं: ‘सदर अभ्यासात सहभागींचे यादृच्छिक पद्धतीने वर्गीकरण करण्यात येईल.’ आम्ही सगळ्यांनी ते वाचून पुढचं पान उलटलं होतं. बाई म्हणाल्या, ‘हे वाचून माझी आई लगेच सही करेल. तिला वाटेल सरकारी कागद आहे.’

मग तासभर त्या एका वाक्यावर गेला. बाईंनी सुचवलं: ‘तुम्हाला कोणतं औषध मिळेल हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल. डॉक्टरही ते ठरवणार नाहीत.’ एका डॉक्टरांची हरकत, चिठ्ठी म्हटलं की लोकांना म्हाडाची लॉटरी आठवेल, नवं औषध म्हणजे बक्षीस वाटेल. हरकत रास्त होती. शेवटी पुढे एक ओळ जोडली: ‘नवं औषध जुन्यापेक्षा चांगलं आहे का, हे आम्हाला अजून माहीत नाही.’ आणि ‘नाही म्हणालात तरी तुमचे उपचार चालूच राहतील’ हे सहाव्या पानावरून उचलून पहिल्या पानावर ठळक टाकायला लावलं. औषध बनवणारी कंपनी, सांख्यिकी, पेशंट या सगळ्यांच्या मधोमध मराठीच्या एका वाक्याची डागडुजी, हाही संशोधनाचाच भाग आहे. भाषा चांगली असलेल्या विज्ञानाच्या मुलांना इथे खरंच काम आहे.

माणसांचं एवढं सांगितलं, आता चिखल आणि पाऊस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. पुढच्या काही आठवड्यांत हॉस्पिटलांत लेप्टोस्पायरोसिसचे पेशंट वाढले. उंदरांच्या मूत्रातले जंतू पाण्यात, पाणी गुडघाभर, पायाला चीर. याचा अभ्यास कुणी करायचा? जंतू वाढवून बघणारा मायक्रोबायोलॉजिस्ट हवा (हा जंतू कल्चरमध्ये फार सावकाश वाढतो, आठवडे जातात, म्हणून निदानाला वेगळ्या चाचण्या लागतात), उंदीर पकडणारा प्राणिशास्त्राचा माणूस हवा, मिठी नदीच्या काठचा नकाशा काढणारा भूगोलवाला हवा, पाऊस आणि पेशंट यांचा हिशेब मांडणारा हवा. ठाण्याच्या खाडीतही असंच. 2022 पासून ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे, फ्लेमिंगो बघायला लोक जातात; पण त्याच चिखलात जड धातू किती आणि ते बोयट माशातून ताटात येतात का, हे मोजणारी मुलं गुडघाभर गाळात उभी असतात. ओहोटीच्या वेळेप्रमाणे पहाटे तीनला निघायचं, दुपारी परत येऊन नमुने वाळवायचे. ज्यांना एसी लॅब हवी त्यांनी तिकडे फिरकू नये.

शुद्ध भौतिकीचं थोडक्यात, कारण ते माझं क्षेत्र नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होत असे. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेल्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तिथे झाली, आणि जगातले शास्त्रज्ञ त्या नोंदीकडे आजही परत परत जातात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर यंत्रं बिघडतील म्हणून 1904 साली वेधशाळेचं हे काम अलिबागला हलवलं. तेव्हापासून तिथे नोंदी चालूच आहेत. कुणीतरी रोज न कंटाळता नोंद घेतली, दीडशे वर्षांनी उपग्रह जपणाऱ्यांना ती उपयोगी पडली. असलंही संशोधन असतं, ज्यात तुम्ही हयात असेपर्यंत काहीच ‘सापडत’ नाही.

औषध शोधणं आणि औषध बनवणं यांतही लोक गल्लत करतात. यूडीसीटी 1933 ची, गिरण्यांच्या जमान्यातली. कापड रंगवण्याचं रसायन आणि केमिकल इंजिनीअरिंग यांपासून सुरुवात. गिरण्या गेल्या, पण तेच रसायनाचं ज्ञान औषधकारखान्यांकडे वळलं. प्रयोगशाळेत दहा मिलिग्रॅम बनलेलं औषध दहा किलो बनवताना उष्णता कुठे जाते, विद्रावक परत कसा मिळवायचा, गोळी पोटात किती वेळात विरघळते, हे प्रश्न सोडवले नाहीत तर औषध कागदावर राहतं. आपल्याकडची स्वस्त जेनेरिक औषधं या कंटाळवाण्या वाटणाऱ्या कामावर उभी आहेत. हेसुद्धा आरोग्याचंच संशोधन, आणि नोकरीच्या दृष्टीने मला विचाराल तर सर्वांत भरवशाचं.

कंटाळवाण्या कामाची किंमत कळावी म्हणून हाफकिनची आठवण. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या खोल्यांत लस बनवली आणि 10 जानेवारी 1897 ला आधी स्वतःला टोचून घेतली. जंतू वाढवायला मांसाच्या सुपावर तुपाचे थेंब सोडत, त्याला धरून जंतूंच्या लोंब्या खाली लटकायच्या. आपल्या स्वयंपाकघरातलं तूप, बरं का. पण 1902 मध्ये पंजाबातल्या मलकोवालला एकाच बाटलीतून लस टोचलेले 19 जण धनुर्वाताने गेले. ठपका हाफकिनवर आला, त्यांचं काम गेलं. पुढे दिसलं की बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला होता. 1907 साली त्यांच्यावरचा डाग पुसला गेला, पण वर्षं गेली ती गेली. चिमटा पडला तर तो बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा, हे मी मुलांना का घोकायला लावते ते यावरून कळावं.

माझाही एक चिमटा आहे. कुठे ते सांगत नाही. आमच्या लॅबमध्ये उणे ऐंशीचा डीप फ्रीझर होता, त्यात एका मुलीचे तीन वर्षं जमवलेले रक्ताचे नमुने. गणपतीच्या सुट्टीत दोन दिवस वीज ये-जा करत होती, कॉम्प्रेसर बसला, अलार्म वाजायला लागला. रात्रपाळीच्या वॉचमनला वाटलं, एसीचं काहीतरी आहे, सकाळी बघतील. सकाळी कुणी नव्हतंच. तिसऱ्या दिवशी आलो तर खालच्या ड्रॉवरमध्ये पाणी. ती मुलगी रडली नाही, ड्रॉवर काढून पुसत बसली, तेच मला जास्त लागलं. वॉचमनची चूक नव्हती. अलार्म वाजला तर कुणाला फोन करायचा हे आम्ही त्याला कधी सांगितलंच नव्हतं. त्यानंतर त्याच्या टेबलाच्या काचेखाली माझा नंबर मोठ्या मराठी अक्षरांत होता. मुलीच्या थीसिसला दीड वर्ष जास्त लागलं.

आता पोटाचं. पीएचडीला लागायचं तर एम.एस्सी. करून नेट किंवा विद्यापीठाची पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) द्यायची. सीएसआयआर-नेटमधून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं भत्ता. आयसीएमआरची वेगळी परीक्षा असते, बायोटेक्नॉलॉजी विभागाची वेगळी. नियमाने पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं. जीवशास्त्रात पाच धरून चाला. फेलोशिपचे पैसे मध्येच दोन-चार महिने अडकतात, हे आधीच सांगते, म्हणजे घरात त्यावरून भांडणं नकोत. फेलोशिप नसताना नुसत्या हौसेने पीएचडीला बसू देऊ नका, निदान कल्याणहून रोज ये-जा करणाऱ्या मुलीला तरी. पीएचडी झाली की सगळेच प्राध्यापक होत नाहीत, जागाच तेवढ्या नाहीत. माझे विद्यार्थी क्लिनिकल ट्रायलच्या कंपन्यांत आहेत, एक पेटंटचं काम करतो, दोघी हॉस्पिटलच्या जेनेटिक्स लॅबमध्ये, एक जण शाळेत शिकवतो आणि आमच्यात सगळ्यांत आनंदी दिसतो.

आणि नीट हुकली म्हणून दुसरा पर्याय, अशा सुराने मुलीशी बोलू नका. लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात ओळखू येतं, कोण कशाला तरी हुकल्याचं दुःख घेऊन आलंय. प्रयोग फसला की ती मुलं स्वतःला दोष देतात, आणि प्रयोग तर रोजच फसतात.

टीवायची परीक्षा झाली की मे-जूनमध्ये दोन महिन्यांचा प्रोजेक्ट मागायला तिला पाठवा. ईमेल छोटा लिहायला सांगा: कोण आहे, त्या सरांचा किंवा मॅडमचा कुठला पेपर वाचला, त्यातलं काय कळलं नाही. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट’ छापाचे दिवसाला दहा येतात, ते कुणी उघडत नाही. दहा जणांना लिहिलं तर दोन उत्तरं येतील, तेवढी पुरेत. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास बऱ्याच संस्था दारं उघडतात, तेव्हा जाऊन यावं. तिथे प्राध्यापकांशी बोलण्यापेक्षा कोपऱ्यात पोस्टरजवळ उभ्या असलेल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलामुलींशी बोलायला सांगा. त्यांना एवढंच विचारायचं: काल दिवसभर काय केलंस? ते उत्तर ऐकताना तुमच्या मुलीचा चेहरा बघा. तुम्हीही बरोबर जा, गेटवर आधार कार्ड मागतात, आणि कलिन्याला जायचं तर कुर्ल्याला उतरून बस धरा, सांताक्रूझहून येण्यापेक्षा तुम्हाला तेच सोयीचं पडेल.